खुळखुळणारं व्हायोलिन

१

बाबांच्या शवपेटीवर ठेवलेलं त्यांचं व्हायोलिन सकाळी तिथे नव्हतं. गज मात्र होता. मी ठेवला होता तसाच, आडवा, राळेने पांढरी झालेली बाजू वर.

शवपेटी क्विम्बीबाईंच्या गुत्त्यात, बिलियर्डच्या टेबलावर होती. ड्राय केटलमध्ये एवढी सपाट आणि भक्कम जागा दुसरी नव्हती. हिवाळाभर याच टेबलावर फळ्या टाकून आमचा रंगमंच होत असे. माझे बाबा, सायलस वेदरबी, व्हायोलिन वाजवत. मी बाजाची पेटी वाजवी. सीमेपलीकडच्या सोनोराचा इग्नासिओ गिटार. आणि आमच्या मंडळीचे मालक म्हणवून घेणारे ऑगस्टस पिंकम विनोदी गाणी म्हणत, लाकडी बुटांचा नाच करत. आठवडाभरासाठी आलो होतो. मग नदी फुगली, खेचरांची वाट वाहून गेली आणि आम्ही सोनं शोधणाऱ्यांच्या या छावणीत अडकलो. बाबांचा खोकला इथेच वाढला. इथेच तो थांबला.

मी त्यांच्याजवळ बसून होते. उजाडायच्या सुमारास कधीतरी माझा डोळा लागला. गुत्त्याला कुलूप नव्हतं. मेलेल्या माणसाच्या घरात कोण चोरी करणार, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी कुणी नाही म्हणाले असते.

जाग आल्यावर मी ओरडले नाही. आधी टेबलाखाली वाकून पाहिलं, जणू ते स्वतःच उतरून गेलं असावं.

क्विम्बीबाई कॉफी घेऊन आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ठेवलं असशील गं कुठंतरी. धड झोप नाही तुला."

"मी इथेच ठेवलं होतं."

"मग पिंकमने उचललं असेल. त्या मेल्याला दुसऱ्याच्या वस्तू आपल्याशा वाटतात."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दार लाथेने उघडलं आणि सातआठ खाणवाले इग्नासिओला ढकलत आत घेऊन आले. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. एकाने त्याच्या खांद्यावरची घोंगडी हिसकली आणि माझ्या पायाशी उलटी केली.

जमिनीवरच्या भुशात लाकडाचे तुकडे पडले. मान, खुंट्या, फाटलेलं पोट, तुटलेल्या तारा. त्यांच्याबरोबर मूठभर पिवळी रानफुलंही पडली, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"ओढ्यावर सापडला," कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्याचं सोनं मिळालं का रे, सोनोऱ्या? दोर आणा!"

२

ड्राय केटलला न्यायाधीश होता. कॅड्वालडर प्रॉथेरो त्याचं नाव. मूळचा वेल्सचा, तिकडे धर्मोपदेशक व्हायला निघालेला, वाटेत काहीतरी बिनसलं. मागच्या एका हिवाळ्यात त्याचे अर्धे दात ताज्या भाजीअभावी होणाऱ्या स्कर्व्हीने गेले होते, म्हणून तो सदानकदा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कच्च्या बटाट्याच्या चकत्या चघळत असे. बोलायचा कमी. खेळाला मात्र रोज पहिल्या बाकावर.

तो आला, तुकड्यांकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, मग एक चकती तोंडात टाकली.

"दफन दुपारी आहे ना?"

"हो."

"मग निकाल त्याआधी. दोर तोवर बांधायच्या कामाला वापरा, टांगायच्या नाही."

"जज्ज, याच्या घोंगडीतच सापडलंय की!"

"ऐकलं. मला ऐकू येतं. दात गेलेत, कान नाही."

लोक गुरगुरत बाहेर गेले. इग्नासिओला खुर्चीला बांधून प्रॉथेरोने मला समोर बसवलं.

"तू ओढ्यावर कशाला गेला होतास?" त्याने विचारलं.

"फुलं आणायला." इग्नासिओने पायाने फुलांकडे खूण केली. "मास्तरांसाठी. परत येताना खडकावर हे दिसलं. असंच फुटलेलं. तिथे कसं सोडू? तुकडा तुकडा वेचला."

"कुणी पाहिलं?"

"तराजूवाल्या ट्विगने. त्याने सांगितलं, लोक धावले. त्याचं चुकलं नाही. त्याने पाहिलं तेच सांगितलं."

"तुला हे व्हायोलिन हवं होतं?"

इग्नासिओ हसला, आणि फाटलेल्या ओठामुळे लगेच थांबला. "हवं होतं की. कुणाला नको होतं? पण जज्ज, मला हवं होतं तर मी ते फोडीन का? आणि गज मागे ठेवून जाईन?"

प्रॉथेरोने टेबलावरच्या गजाकडे पाहिलं. मीही पाहिलं. सकाळपासून तो मला दिसत होता, पण पाहिला आत्ता.

"आणि त्या व्हायोलिनच्या पोटात काय वाजायचं ते मला ठाऊक नाही?" इग्नासिओ म्हणाला. "तो साप मीच मारला होता."

हे खरं होतं. जुन्या वादकांची एक रीत आहे: खुळखुळ्या सापाच्या शेपटीचं टोक व्हायोलिनच्या पोटात टाकून ठेवायचं. त्याने ओल धरत नाही, उंदीर जवळ येत नाहीत, आणि आवाज गोड होतो म्हणे. बाबांच्या व्हायोलिनमध्ये तसं टोक होतं. त्यावर त्यांनी एक विनोद रचला होता आणि तो प्रत्येक खेळात दोन भागांत यायचा.

सुरुवातीला ते व्हायोलिन कानाशी धरून हलवत. आत काहीतरी खुळखुळे. "ऐकलंत? नदी तुम्हाला देत नाही ते सगळं याच्या पोटात आहे. काढू बाहेर?" लोक ओरडत, "काढ!" बाबा म्हणत, "आत्ता नाही. आधी गाणं."

आणि खेळाच्या अगदी शेवटी विचारत, "आता सांगा, पोटात काय आहे?"

"सापाची शेपटी!"

"आणि साप कुठं गेला?"

"करवसुलीला!"

परदेशी खाणवाल्यांवर कर बसला होता, त्यामुळे या शेवटच्या शब्दावर छत उडायचं. इग्नासिओ सगळ्यांत मोठ्याने ओरडे, कारण तो कर तोच भरत होता.

हिवाळाभरात हा विनोद साऱ्या छावणीला पाठ झाला होता. बाबांना त्याचं थोडं वाईट वाटे. विनोद शंभर जणांसाठी नसतो, ते म्हणत, एकाच माणसासाठी असतो. ज्याने तो ऐकलेला नाही त्याच्यासाठी. टेबलावर चढलं की ते आधी असा एक चेहरा शोधायचे. शेवटी शेवटी मला म्हणाले होते, "टॅबी, नवा चेहराच राहिला नाही गं इथं."

प्रॉथेरोने चकती गिळली.

"चल," तो मला म्हणाला. "शवपेटीपाशी बसून रडण्यापेक्षा माझ्याबरोबर हिंड. तुझ्यासमोर लोक खोटं जरा सांभाळून बोलतील."

३

पिंकमसाहेब खोलीत मिशांना मेण लावत होते. दुःखातही मिशा टोकदार हव्यात असं त्यांचं मत.

"माझ्यावर संशय?" ते उभे राहिले, छातीवर हात ठेवून. "ऑगस्टस पिंकमवर? ज्याने याच सायलसला रस्त्यावरून उचलून रंगमंचावर..."

"बाबांनी तुम्हाला उचललं होतं," मी म्हणाले. "स्टॉकटनच्या गटारातून."

"तपशिलाचा फरक आहे, बाळ."

"भांडण झालं होतं तुमचं," प्रॉथेरो म्हणाला. "मंगळवारी. भिंत पातळ आहे."

पिंकमसाहेब खाली बसले. आवाजातला रंगमंच उतरला. "झालं. मी म्हणालो, सायलस, तुझ्यानंतर ते व्हायोलिन मंडळीकडे राहू दे. दुसरा वादक मिळाला तर त्याच्या हाती चांगलं वाद्य हवं. तो म्हणाला, ते टॅबीचं. मी म्हणालो, टॅबी पेटी वाजवते. तो म्हणाला, टॅबीचं." त्यांनी नाक पुसलं. "माणूस मरायला टेकला होता आणि मी त्याच्याशी वाटणीचं बोललो. ही माझी चोरी. बाकी मी केली नाही. फुटलेल्या व्हायोलिनचा मला काय उपयोग, जज्ज? चूल पेटवू?"

क्विम्बीबाई स्वयंपाकघरात वाळली सफरचंदं भरून पाई भाजत होत्या. दफनाच्या दिवशी कुणी उपाशी परत जाऊ नये, एवढंच त्यांना कळत होतं.

"हो, मागितलं होतं मी," त्यांनी पीठ झटकत सांगितलं. "सायलसला म्हटलं, जाशील तेव्हा ते माझ्या भिंतीवर टांग. निदान लोक बघायला येतील. तो म्हणाला, बाई, वाद्य टांगलं की मरतं. मग मी पुन्हा विषय काढला नाही. अन् उचलायचं असतं तर मी पहाटेच नसतं का उचललं? पोरगी झोपली तेव्हा मीच येऊन तिच्या अंगावर पांघरूण घातलं. तेव्हा होतं ते जागेवर." त्या माझ्याकडे वळल्या. "खाल्लंस काही? नाही ना? जज्ज, तुम्ही हिला नुसतं हिंडवू नका हो."

मग आम्ही ओबेद ट्विगच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे ओढ्याच्या अंगाला तंबूचं कापड लावलेली एक खोली. मूळचा तो दूर पूर्वेकडच्या मेन राज्यातला, पिंपं बनवणारा. नदीकाठचा त्याचा सोनं धुवायचा तुकडा पहिल्याच पुरात वाहून गेला. आता तो छावणीचा तराजू सांभाळी, कारण त्याच्याइतका विश्वासाचा माणूस नव्हता. गुत्त्यातले लोक अंगठ्याला तेल लावून सोन्याच्या धुळीची चिमूट मोठी करतात. ओबेद तोलायच्या आधी नखं कापत असे, नखात धूळ राहू नये म्हणून. आमच्या खेळाला दारात उभा राहून प्रत्येकाकडची चिमूट तोच तोलायचा. बाबांचं पहिलं गाणं सुरू झालं की तराजू कापडात गुंडाळून दुकानात ठेवायला जायचा.

त्याचा चेहरा आजारी दिसत होता.

"मी चोर म्हणालो नाही, साहेब," आम्ही काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "खडकावर वाकलेला दिसला, तुकडे घोंगडीत भरताना. एवढंच म्हणालो. पुढचं लोक म्हणाले."

"तू तिकडे कशाला गेला होतास?"

"पाण्याला. रोजच जातो."

"खेळ आवडायचा तुला?"

"फार." त्याने पारडं पुसलं. ते स्वच्छच होतं. "ते पहिलं गाणं... तसं कुणी वाजवत नाही."

मग तो माझ्याकडे वळला. "बाई, म्हाताऱ्याने ते आधीच काढून ठेवलं असेल ना? तुमच्यासाठी? दुसरीकडे कुठंतरी?"

मला वाटलं, बाबांच्या सामानाबद्दल विचारतोय. "दुसरीकडे काय असणार, ट्विग? दोन सदरे आणि एक टोपी."

त्याने मान खाली घातली. "इग्नासिओचं काय करतील हो?"

"कान कापतील," प्रॉथेरो म्हणाला. "फटके, आणि मग कान. गर्दी खुशीत असली तर. नसली तर झाड आहेच."

ओबेदच्या हातातलं पारडं वाजलं. प्रॉथेरोने ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. तो दारातून बाहेर झाडाकडे पाहत होता, आणि तिथे दोघंजण आधीच फांदी पारखत होते.

४

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. प्रॉथेरोने तुकडे एका फळीवर मांडले. मी एकेक हातात घेत होते. मानेच्या खाली, जिथे बाबांचा अंगठा टेकायचा, तिथे रोगण झिजून लाकूड उघडं पडलं होतं. मी माझा अंगठा तिथे ठेवला आणि काढून घेतला.

"पोटाचा तुकडा दे," तो म्हणाला. "बोट फिरव. वरून."

"कोरडं आहे."

"आतून?"

आतून ते ओलसर होतं. लाकूड फुगून खरखरीत झालं होतं.

"दव असेल," मी म्हणाले.

"दव वरून पडतं, पोरी. पोट फाडून आत शिरत नाही. आणि एक सांग, इतक्या वर्षांच्या व्हायोलिनच्या पोटात काय काय असतं?"

"राळेची धूळ. कापसाचे बोळे जमतात. एकदा तर बाबांनी आतून कोळ्याचं अख्खं घर काढलं होतं."

"मग कुठाय ती धूळ?"

तुकड्यांची आतली बाजू स्वच्छ होती. घासल्यासारखी.

मला कळायला थोडा वेळ लागला. "धुतलंय," मी म्हणाले. "परातीत धरून फोडलं आणि आतलं धुऊन काढलं."

"हं. एक कणही वाया जाऊ नये म्हणून. वादक व्हायोलिन धुणार नाही. विकायला निघालेला धुणार नाही. भिंतीवर टांगणारी धुणार नाही. हे काम वाळूतून सोनं धुणाऱ्याचं आहे, आणि त्याला वाटत होतं की याच्या पोटात सोनं आहे. म्हणून गज नेला नाही. गजाला पोट नसतं."

"म्हणजे इग्नासिओ सुटला!"

"तुझ्या माझ्यापुरता. बाहेर सत्तर माणसं आहेत. त्यांना ओलं लाकूड दाखवून भागणार नाही. सकाळी कुणीतरी म्हाताऱ्याचं सोनं म्हणालं ना? त्याला ठाऊक होतं सोनं नाही ते. पण रक्त चढलं की माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. दुसरा माणूस हवा. खरा."

तुकड्यांच्या खालून त्याने ते टोक बाहेर काढलं. वाळलेल्या शेंगेसारखं, फिकट, बोटाएवढं. चोराने ते पाहून फेकून दिलं असणार आणि इग्नासिओने तुकड्यांबरोबर वेचलं असणार.

"पण हे कसं शक्य आहे?" मी म्हणाले. "सोनं नाही, शेपटी आहे, हे अख्ख्या छावणीला ठाऊक आहे. रोज रात्री एका सुरात ओरडतात."

"अख्ख्या?" प्रॉथेरो म्हणाला.

त्याने चकती चघळायची थांबवली होती. हिवाळाभरात मी ते प्रथमच पाहत होते.

"तबिथा, दुपारी तुला एक अवघड गोष्ट करावी लागेल," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा विनोद सांगावा लागेल. त्याच्या शवपेटीसमोर."

५

गुत्ता भरला होता. माणसं बारवर बसली होती, खिडक्यांत बसली होती. बिलियर्डच्या टेबलावर बाबा. टेबलाशेजारी इग्नासिओ, हात बांधलेले. दारात, नेहमीच्या जागी, ओबेद ट्विग; आज तराजू नव्हता, तरी उभा तिथेच होता.

"निकालाआधी मिस वेदरबी दोन शब्द बोलतील," प्रॉथेरो म्हणाला.

"भाषण नको! निकाल!"

"टोप्या काढा आणि गप्प बसा. मेलेला माणूस समोर आहे."

टोप्या निघाल्या. मी उभी राहिले. कुणाकडे पाहायचं ते सुचेना, म्हणून शवपेटीवरच्या गजाकडे पाहिलं. मुठीतलं टोक कानाशी धरून हलवलं.

"ऐकलंत?" माझा आवाज मला ओळखू आला नाही. "नदी तुम्हाला देत नाही ते सगळं याच्या पोटात आहे. काढू बाहेर?"

मग मागून एक घोगरा आवाज आला. "काढ, पोरी."

"आता सांगा. पोटात काय आहे?"

सवय मोठी विचित्र असते. त्यांना ओरडायचं नव्हतं. पण ते ओरडले, सगळे, एकदम, "सापाची शेपटी!"

"आणि साप कुठं गेला?"

"करवसुलीला!"

इग्नासिओही म्हणाला. फाटक्या ओठाने, बांधलेल्या हातांनी, सवयीने. त्याच्याशेजारच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

मग प्रॉथेरोचा आवाज आला. तो माझ्याकडे पाहतच नव्हता.

"ओबेद, साप कुठं गेला?"

सत्तर डोकी दाराकडे वळली.

"तुझे ओठ हलले नाहीत," प्रॉथेरो म्हणाला. "या सोनोऱ्याचे हलले. पिंकमचे हलले. क्विम्बीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. ज्याला शेवट ठाऊक आहे तो ते व्हायोलिन सोन्यासाठी फोडणार नाही. परातीत धरून धुणार नाही. साऱ्या छावणीत सुरुवात ऐकलेला आणि शेवट न ऐकलेला एकच माणूस आहे. तू रोज तराजू ठेवायला जायचास. दुकान कुठं लांब आहे? परत का येत नव्हतास?"

ओबेदने पळायचा प्रयत्न केला नाही. चौकटीला धरून तो खाली बसला.

"ते गाणं," तो म्हणाला. "ते पहिलं. माझी बायको सफरचंदं चिरताना तेच गुणगुणायची. दारातून निघेपर्यंत ऐकायचो. पुढे उभं राहवत नव्हतं. ओढ्याकाठी जाऊन बसायचो." त्याने चेहरा पुसला. "मला घरी जायचं होतं, साहेब. म्हातारा गेला, सोनं त्याच्याबरोबर मातीत जाणार. मातीतून काढायला आपण इथं आलो आणि उलटं मातीत घालायचं? असं वाटलं. नंतर ते वाळकं टोक हातात आलं. मला कळेचना ते काय आहे."

"आणि याला बांधलं तेव्हा?" प्रॉथेरोने इग्नासिओकडे बोट केलं.

ओबेदने इग्नासिओच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं.

"दोनदा दारापर्यंत आलो होतो," तो म्हणाला.

६

दोर आता ओबेदसाठी मागितला गेला. तीच माणसं, तोच आवाज. प्रॉथेरोने इग्नासिओला सोडवलं आणि मला विचारलं, "व्हायोलिन तुझं. तुझं म्हणणं काय?"

मी शवपेटीकडे पाहिलं. बाबांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत नव्हतं. लोक म्हणतात, मेलेल्यांचा आवाज ऐकू येतो. मला येत नव्हता. माझं मलाच ठरवायचं होतं.

"त्याला मारू नका," मी म्हणाले. "आज दफनानंतर आम्ही खेळ करू. त्याने पहिल्या बाकावर बसायचं आणि शेवटपर्यंत उठायचं नाही. मग वाट उघडेल तेव्हा त्याने ही छावणी सोडायची. घरी जायचं."

कुरकुर झाली. कुणीतरी म्हणालं, पोरगी वेडी आहे. पण दोर पुन्हा खुंटीवर गेला.

इग्नासिओ मनगटं चोळत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "छान केलंस. मनापासून सांगतो. पण एक विचारू? मी फोडलं असतं, तर हे तुला असं करू दिलं असतं का त्यांनी?"

उत्तर त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

वाट उघडल्यावर इग्नासिओ सोनोराला परत गेला. जायच्या आधी ओबेदला समोर बसवून त्याने ते व्हायोलिन जोडून घेतलं; पिंपं जोडणाऱ्याचे हात होते ते, सांधा धरायचे. इग्नासिओ त्याच्याशी कामापुरतं बोलला, आणखी एक शब्द नाही. ते व्हायोलिन अजून माझ्याकडे आहे. सर्दी झाल्यासारखा आवाज येतो त्याचा. पोटात शेपटी परत टाकली आहे.

पण त्या दुपारबद्दल सांगते.

बाबांना टेकडीवर ठेवून आलो. कुणीतरी ती पिवळी फुलं भुशातून गोळा करून नेली होती. इग्नासिओने ती स्वतः मातीवर ठेवली. परत येऊन पुरुषांनी टेबलावर फळ्या टाकल्या. खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि त्या उजेडात सगळे ओशाळल्यासारखे बसले होते. पहिल्या बाकावर प्रॉथेरो, क्विम्बीबाई, आणि दोघांच्या मध्ये ओबेद.

मी पेटीवर ते पहिलं गाणं सुरू केलं. इग्नासिओने गिटार धरली, पण बाकांकडे पाठ करून. व्हायोलिनची जागा मी रिकामी सोडली होती. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून कुणीतरी ती ओळ गुणगुणायला लागलं, मग आणखी कुणी. ओबेद अर्धवट उठला. क्विम्बीबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बसला.

पिंकमसाहेबांनी नाच केला. वाईट केला, आणि कुणी काही म्हणालं नाही.

मग शेवट आला. मी टोक तळहातावर घेऊन फळ्यांच्या कडेला उभी राहिले आणि बाबा करायचे तसं आधी समोरचे चेहरे पाहिले. सगळे पाठ झालेले चेहरे. एक सोडून.

"आता सांगा," मी त्याला म्हणाले, "पोटात काय आहे?"

"सापाची शेपटी," लोक पुटपुटले.

"आणि साप कुठं गेला?"

"करवसुलीला."

कुणालाच हसू आलं नाही. काहींनी तोंड फिरवलं. आणि मग पहिल्या बाकावरून उचकीसारखा एक आवाज आला. ओबेदने शेजारच्या प्रॉथेरोला विचारलं, "करवसुलीला?" प्रॉथेरोने मान हलवली. ओबेदने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण आतलं दाबलं जाईना. निकालाच्या वेळी ते शब्द कानावर पडले होते, पण विनोद त्याच्यापर्यंत पोचला तो आत्ता. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि भरल्या गुत्त्यात तो एकटा, मोठ्याने, घरापासून इतका लांब, हसत राहिला.

विनोदानंतर खेळात एकच गाणं उरे, निरोपाचं. पिंकमसाहेबांनी मला सुरू करायची खूण केली. मी पेटीवर हात ठेवले आणि थांबले. हसू पुरतं ओसरल्याशिवाय पुढचा सूर लावायचा नाही, हे बाबांनी मला पेटीच्याही आधी शिकवलं होतं.